शेवटच्या रांगेतल्या कानांसाठी लिहिणारा माणूस : कादर खान

धोटा :

आमचे अण्णा चौतीस वर्षं यंत्रमागावर होते. सोलापुरात अशोक चौकाच्या पलीकडे, टॉवेलच्या कारखान्यात. ज्यांनी माग चालू असताना शेडमध्ये पाय ठेवलाय त्यांना वेगळं सांगायला नको. एकाच मागाचा धोटा इकडून तिकडे आपटतो तो आवाज छातीत बसतो, आणि तिथे चोवीस माग एका पत्र्याखाली. पंचेचाळिशीतच अण्णांचे कान गेले. ठार बहिरे झाले नाहीत. जाड आवाज पोचायचा, बारीक अक्षरं गळून जायची. स, श, फ, ट यांचा पत्ताच नसायचा. आईने हाक मारली एवढं कळायचं, काय म्हणाली ते कळायचं नाही.

तर हे अण्णा सुट्टीच्या दिवशी सिनेमाला जायचे. मीना, प्रभात, भागवत, गेंट्याल, जिथे तिकीट मिळेल तिथे. पुढच्या बाकड्यांवर किंवा अगदी मागे भिंतीला टेकून. घरी आल्यावर काही सिनेमांचे अख्खे प्रसंग आम्हाला म्हणून दाखवायचे, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळ्यासकट. आणि काही सिनेमांबद्दल नुसतं म्हणायचे, "गाणी बरी होती. बोलत काय होते कुणास ठाऊक."

मी लहान होतो. वाटायचं, ज्यात मारामारी जास्त ते त्यांना आवडतं. हे कोडं मला चाळिशी उलटल्यावर सुटलं. अण्णांना पाठ असलेल्या सिनेमांची यादी एकदा सहज मांडली : रोटी, अमर अकबर अँथनी, परवरिश, मुकद्दर का सिकंदर, सुहाग, लावारिस, नसीब, कुली. दिग्दर्शक वेगळे, कंपन्या वेगळ्या. पण पडद्यावर नावं येतात तिथे एक ओळ सगळीकडे तीच. संवाद : कादर खान.

त्यांचं ३१ डिसेंबर २०१८ ला कॅनडात निधन झालं. पुढच्याच महिन्यात मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. त्या दिवसांत जे काही वाचलं, ऐकलं, त्यात 'ज्येष्ठ विनोदी अभिनेते' हेच शब्द पुढे होते. गोविंदाबरोबरचे फोटो, शक्ती कपूरबरोबरचे फोटो. ते खोटं नाही, पण अर्धं आहे आणि माझ्या दृष्टीने लहान अर्धं आहे. ज्याने अण्णांच्या कानापर्यंत शब्द पोचवला तो लेखक मोठा होता, आणि त्याच्याबद्दल बोलावं म्हणून हा धागा.

थोडं आयुष्य सांगतो, कारण लेखणी तिथूनच आली. जन्म काबूलचा, १९३७. थोरली तीन भावंडं लहानपणीच गेली. ही हवा माझ्या मुलांना सोसत नाही म्हणत आईने हट्ट धरला आणि कुटुंब मुंबईला आलं ते थेट कामाठीपुऱ्यात. आईबाप वेगळे झाले. घरात खायची भ्रांत. आजूबाजूची पोरं कारखान्यात जात होती, हेही निघाले. आईने खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, तुझ्या या दोन-चार रुपयांनी घराची गरिबी हटायची नाही, तू शीक. हा प्रसंग त्यांनी मुलाखतींत पुन्हा पुन्हा सांगितलाय आणि प्रत्येक वेळी तिथे त्यांचा आवाज बदलतो.

शिकले. सिव्हिल इंजिनिअरिंगचे मास्तर झाले, भायखळ्याच्या साबू सिद्दीक कॉलेजात. मी स्वतः इथल्या एका पॉलिटेक्निकला अप्लाइड मेकॅनिक्स शिकवतो, म्हणून हा भाग मला फार जवळचा. दिवसा वर्गात शिकवायचं आणि संध्याकाळी पोरांची नाटकं बसवायची. 'लोकल ट्रेन' या त्यांच्या नाटकाला स्पर्धेत बक्षीस मिळालं. परीक्षकांत दिग्दर्शक नरेंद्र बेदी होते. त्यांनी 'जवानी दिवानी'चे संवाद लिहायला दिले. मोबदला दीड हजार रुपये. सिनेमा १९७२ चा. मग 'खेल खेल में', 'रफू चक्कर' आणि त्याच्याही आधी 'रोटी'. 'रोटी'साठी दिग्दर्शक मनमोहन देसाईंनी एक लाख एकवीस हजार दिले, असं ते सांगत. दीड हजारावरून दोन वर्षांत सव्वा लाखाच्या घरात. या माणसाकडे काय आहे ते देसाईंना कळलं होतं.

काय होतं ते मी माझ्या कुवतीप्रमाणे सांगतो. बरेच लेखक वाक्य डोळ्यासाठी लिहितात. वाचायला सुंदर, पण मुख्य शब्द मध्येच कुठेतरी पुरलेला. कादर खान वाक्याचे तुकडे करतात. एका श्वासात एक तुकडा. महत्त्वाचा शब्द तुकड्याच्या शेवटी, म्हणजे त्यानंतर शांतता येते आणि तो शब्द एकटा हवेत उभा राहतो. तोच शब्द पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीला परत. पहिल्यांदा ऐकू नाही आला तर दुसऱ्यांदा येतोच. आणि शब्द कसले, तर भाकरी, कबर, नळ, चप्पल, आई. हवेतले शब्द कमी, हातात धरता येतील असे जास्त. अण्णांच्या कानातून जी अक्षरं गळत होती ती या रचनेमुळे भरून निघत होती. अंदाज बांधायला वेळ मिळत होता. माझी खात्री आहे की हे नाटकातून आलं. माईक नसलेल्या सभागृहात पोरांना उभं करून ज्याने शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला शिकवलंय, त्यालाच हे सुचतं.

सोलापूरकरांनो, आणि इतरांनीही, तुमच्या आठवणी लिहा. पटत नसेल तर तेही लिहा.

पूर्वभाग :

धोटा दादा, वाचताना डोळे भरून आले. आमच्या घरात मागही होता आणि विडीही होती. तुम्ही कानाचं सांगितलंत, मी डोळ्याचं सांगते.

माझी अव्वा, म्हणजे आजी, विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं, तंबाखू आणि दोरा. पत्र्याचं माप पानावर ठेवून कात्री फिरवायची, तंबाखू भरून वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. दिवसाला हजाराच्या हिशेबाने काम. नजर सुपावरून हलली की विडी बिघडते आणि बिघडलेली विडी कारखान्यात बाजूला काढतात, तिचे पैसे नाहीत. गल्लीत कुणाच्या तरी घरी व्हीसीआर भाड्याने आणायचे. सगळ्या बायका आपापलं सूप घेऊन तिथे जमायच्या. पिक्चर लागलेला आणि बायका खाली मान घालून बसलेल्या. अव्वाने आयुष्यात जेवढे पिक्चर 'बघितले' ते सगळे असे कानाने. मध्येच मान वर करून विचारायची, "ఎవరు?" म्हणजे कोण बोललं हे, आणि परत खाली.

कादर खानचा आवाज आला की हे विचारावं लागायचं नाही. त्या खर्जातला आवाज आणि ते तोडून बोलणं, लगेच कळायचं. अव्वाला हिंदी धड येत नव्हती. तेलुगू, सोलापूरची मराठी आणि बाजारापुरती दखनी उर्दू. तरी हसायची बरोबर जागेवर आणि रडायचीही.

दुसरं म्हणजे 'हिम्मतवाला'. तो १९८३ चा. त्याचा मूळ तेलुगू पिक्चर 'ऊरुकी मोनगाडू' १९८१ चा, तेलुगू नट कृष्णा यांचा. दोन्हीचे दिग्दर्शक राघवेंद्र राव. 'मवाली', 'जस्टिस चौधरी', 'तोहफा' हेही तेलुगूवरूनच. आमच्याकडची माणसं लग्नाकार्याला हैदराबाद, वरंगळला जायची, तिथे मूळ पिक्चर बघून यायची आणि मग इथे हिंदी लागला की दोन्हीची तुलना करत कट्ट्यावर रात्र काढायची. त्या गप्पांतलं एक मला पक्कं आठवतं. म्हणायचे, गोष्ट तीच आहे, गाणी तशीच आहेत, पण बोलणं भाषांतराचं वाटत नाही. तेलुगू डोक्यातून काढून टाकून नव्याने लिहिल्यासारखं वाटतं. दोन भाषांत जगणाऱ्या माणसाला ही किती अवघड गोष्ट आहे ते कळतं. रोज आम्ही घरात एका भाषेत भांडतो आणि दारात दुसऱ्या भाषेत माफी मागतो.

आणि हो, कामाठीपुरा हे नावच मुळात तेलुगू बोलणाऱ्या कामाठी मजुरांवरून पडलंय. काबूलहून आलेला मुलगा त्या वस्तीत वाढला आणि पुढे तेलुगू गोष्टींना हिंदी जीभ दिली. मला यात फार समाधान वाटतं.

नेपथ्य :

धाग्याचा विषय चांगला आहे, पण मला एक बाजू मांडायची आहे आणि ती मनापासून मांडतोय. मी मूळचा सोलापूरचा, आता पुण्यात. हौशी रंगभूमीवर पंधरा वर्षं काम करतोय.

सत्तरच्या दशकातल्या कादर खानबद्दल दुमत नाही. पण ज्या जितेंद्रच्या पिक्चरांचं वर कौतुक झालं, त्यांनीच हिंदी विनोदाची पातळी खाली आणली. बाईच्या शरीरावरून केलेले विनोद, द्वयर्थी वाक्यं, यमकाला यमक जोडत जाणं. त्या काळात आईबरोबर बसून पिक्चर बघताना मान खाली घालावी लागायची. ते लिहिणाराही तोच होता. आपण एखाद्याला मोठा म्हणतो तेव्हा हेही मोजायला नको का? 'मुकद्दर का सिकंदर' लिहिणारा माणूस हे लिहितो, तेव्हा त्याला येत नव्हतं म्हणून नाही, येत असूनही लिहिलं. मला ते जास्त लागतं.

धोटा :

नेपथ्य, तुमचं म्हणणं मी टाळणार नाही. 'मकसद', 'तोहफा' हे मलाही माझ्या मुलीबरोबर बघवत नाहीत. लिहिलंय ते लिहिलंय, आणि त्यात बायकांच्या वाट्याला जे आलं ते वाईटच आहे. त्याचं समर्थन कुठल्याच कारणाने होत नाही.

फक्त एक गोष्ट या चित्रात जोडतो. त्याआधीची बरीच वर्षं ते पडद्यावर खलनायक होते. 'परवरिश', 'नसीब'. त्यांच्या मुलाला शाळेत पोरं चिडवायची, तुझा बाप वाईट माणूस आहे म्हणायची, मुलगा मारामारी करून यायचा. म्हणून आता विनोदी कामं करायची असं ठरवलं आणि 'हिम्मतवाला'तला मुनीम आला, असं त्यांनी स्वतः सांगितलंय. म्हणजे वळण घेतलं ते घरासाठी. ते वळण त्यांना ज्या रस्त्यावर घेऊन गेलं तिथे मागणी त्या विनोदाची होती, आणि त्यांनी ती पुरवली. एकेका वर्षात डझनभर पिक्चर. एवढं काम घेतल्यावर प्रत्येक ओळीवर हात फिरवायला वेळ कुठून येणार? मागावर कापड जास्त काढायचं म्हटलं की धागे तुटलेले तसेच पुढे जातात, हे मी लहानपणापासून पाहिलंय. कापड विकलं जातं, पण ते विणणाऱ्याला कळतं.

टायटल्स_शेवटपर्यंत :

एक दुरुस्ती, कारण या विषयात श्रेय नीट द्यायला हवं असं मला तळमळीने वाटतं. संवादलेखक, पटकथाकार आणि कथाकार ही तीन वेगळी कामं आहेत. 'अमर अकबर अँथनी'ची पटकथा प्रयाग राज यांची, कादर खान यांचे संवाद. तीन भाऊ तीन घरांत कसे वाढतात, कुठे भेटतात, ही वीण प्रयाग राज यांची. अँथनीच्या तोंडची भाषा कादर खान यांची. लोक सरसकट सगळं एकाच्या खात्यावर टाकतात.

उलट चूकही होते. नव्वदच्या दशकातले त्यांचे गाजलेले विनोदी प्रसंग लोक त्यांनीच लिहिले असं धरून चालतात. 'आँखें' आणि 'राजा बाबू' हे अनीस बज्मी यांनी लिहिलेले. तिथे कादर खान फक्त नट आहेत. फक्त म्हणायला जीभ धजत नाही, पण श्रेयाच्या दृष्टीने फक्त नट.

संवादासाठी त्यांना फिल्मफेअर दोनदा मिळालं. 'मेरी आवाज सुनो' आणि 'अंगार'. विनोदी भूमिकेचं एकदा, 'बाप नंबरी बेटा दस नंबरी', तो १९९० चा. 'अंगार' १९९२ चा. त्यात ते जहांगीर खान नावाचा मुंबईतला डॉन झालेत आणि नाना पाटेकर त्यांचा मुलगा. ज्यांना कादर खान म्हणजे फक्त 'कुली नंबर १'चा होशियारचंद वाटतो त्यांनी 'अंगार' एकदा बघावा. लोक त्यांना बघताच हसायला लागायचे त्या काळात त्यांनी स्वतःसाठी हा बाप लिहिला. त्यात तो माणूस आवाज चढवत नाही. मुलगा हाताबाहेर चाललाय हे कळलेला बाप जेवढं बोलेल तेवढंच बोलतो.

नेपथ्य :

'अंगार' मी पाहिलेला नाही. बघतो.

बेगमपेठकर :

सगळ्यांना सलाम. मी बऱ्याच वर्षांनी इथे लिहितोय, या धाग्याने लिहायला लावलं.

आमच्या घरात दखनी. शाळेत मराठी. मशिदीत आणि मदरशात उर्दू. लहानपणी आम्हाला आमच्या बोलीची लाज वाटायला लावलेली होती. पाहुणे लखनौकडचे आले की अब्बा म्हणायचे, "जरा सुधरके बोलो." 'नक्को', 'हौ', 'कायकू', 'मेरेकू' हे सगळं त्यांच्यासमोर बंद. आणि मग पडद्यावर अँथनी आला, इकबाल कुली आला. ती दखनी नव्हे, ती मुंबईची बोली, हे मला माहीत आहे. पण ती माणसं सुधारून बोलत नव्हती. हिरो असूनही बोलत नव्हती. अमिताभ बच्चन ज्या तऱ्हेने बोलतो तशी भाषा आमच्या गल्लीत भाजीवाला बोलतो, हे बघून मी सातवीत असताना छाती काढून चाललो होतो.

त्याच माणसाला खरी, खानदानी उर्दूही येत होती हे विसरू नये. दादींना, दर्ग्यातल्या म्हाताऱ्यांना तो वेगळी भाषा देतो. एकाच पिक्चरमध्ये तीन माणसं तीन प्रकारची हिंदी बोलतात आणि तिन्ही खरी वाटतात. सोलापुरात हे आपण रोज करतो. विजापूर वेशीत एका दुकानात उभं राहा, दुकानदार पाच मिनिटांत कन्नड, तेलुगू, मराठी आणि दखनी बोलून मोकळा होतो आणि प्रत्येक गिऱ्हाइकाशी त्याचा चेहराही बदलतो. हे ज्याच्या कानात मुरलंय त्यालाच संवाद लिहिता येतात.

आता कब्रस्तानाबद्दल. कादर खानसाहेब लहान असताना संध्याकाळी घराजवळच्या कब्रस्तानात जाऊन बसायचे आणि दिवसभरात जे ऐकलं, वाचलं ते मोठ्याने म्हणायचे. तिथेच अश्रफ खान नावाच्या नाटकवाल्या गृहस्थांनी त्यांना ऐकलं आणि नाटकात काम दिलं. आता 'मुकद्दर का सिकंदर' आठवा. आई गेलेला पोरगा कब्रस्तानात बसलाय आणि एक फकीर येऊन त्याला दुःखाशी दोस्ती करायला सांगतो. तो फकीर कोण? स्वतः कादर खान. संवादही त्यांचेच. मला तो प्रसंग बघताना दरवेळी वाटतं की मोठा झालेला माणूस परत त्या कब्रस्तानात गेलाय आणि तिथे बसलेल्या स्वतःलाच सांगतोय. हा माझा अंदाज आहे, पण मनातून जात नाही.

माझ्या मोठ्या भावाचं मयत झालं तेव्हा त्याचा मुलगा नऊ वर्षांचा होता. दफन करून सगळे परत निघाले, तो हलेना. मौलवीसाहेब बोलले, चाचा बोलले, काही उपयोग नाही. मी त्याच्याजवळ जमिनीवर बसलो. मला काही सुचत नव्हतं. तोंडातून त्या फकिराचंच निघालं, माझ्या दखनीत, जसं आठवेल तसं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि माझा हात धरून उठला. तो आता तिशीत आहे, दुबईला आहे. त्याला विचारलं तर म्हणतो, तुम्ही काय बोललात आठवत नाही, तुम्ही खाली बसलात तेवढं आठवतं.

पूर्वभाग :

बेगमपेठकर भाई, काय लिहावं सुचत नाही. पुतण्याला आमचा आशीर्वाद.

सातरस्ता :

वाचत होतो, राहवलं नाही. 'जैसी करनी वैसी भरनी' कुणीच काढला नाही अजून. १९८९. मुलगा-सून म्हाताऱ्या बापाला ज्या तऱ्हेने वागवतात आणि नातू ते बघत मोठा होतो. म्हातारा कादर खान, मोठा झालेला नातू गोविंदा. सोलापुरात तो लागला तेव्हा बायकांची झुंबड होती. माझ्या आजोबांना मी खांद्यावर हात देऊन नेलं होतं. मध्यंतरात ते खुर्चीतून उठले नाहीत. चहा आणून दिला तर तो हातात तसाच गार झाला. घरी आल्यावर माझ्या वडिलांना एवढंच म्हणाले, "तू बघून ये." वडील गेले आणि बघून आले. त्यावर घरात पुढे कधी बोलणं झालं नाही. पण दुसऱ्या महिन्यापासून आजोबांचं अंथरूण पडवीतून आतल्या खोलीत आलं.

रडका पिक्चर आहे, ढोबळ आहे, मान्य. अंथरूण आत आलं हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

टायटल्स_शेवटपर्यंत :

अंथरुणाचं वाचून बराच वेळ नुसता बसून होतो.

अजून एक, याच ओघात. देसाई आणि प्रकाश मेहरा हे त्या काळातले दोन तळ. एकाचा माणूस सहसा दुसऱ्याकडे जात नसे. कादर खान दोघांकडे लिहीत होते. देसाईंकडे 'सुहाग', 'नसीब', 'देश प्रेमी', 'कुली'. मेहरांकडे 'मुकद्दर का सिकंदर', 'लावारिस', 'शराबी'. आणि दोन्हीकडची भाषा वेगळी आहे. देसाईंकडे संवाद पळतात, टाळी मागतात. मेहरांकडे संवाद बसतात, ग्लास खाली ठेवून बोलल्यासारखे. ज्याला वेळ आहे त्याने 'नसीब' आणि 'लावारिस' लागोपाठ ऐकावेत, दोन्ही १९८१ चे. बघू नका, अव्वांसारखे नुसते ऐका.

आणि असा एक धागा वसंत सबनिसांवरही निघायला हवा. 'विच्छा माझी पुरी करा', 'सोंगाड्या' आणि 'अशी ही बनवाबनवी' लिहिणारा माणूस आपल्या सोलापुरात जन्मला, हे इथल्याच पोरांना माहीत नसतं.

धोटा :

सबनिसांवर तुम्हीच काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

मी हा धागा काढला त्यामागे एक कारण होतं, ते आता सांगतो. आमच्या कॉलेजची पोरं यंदा बंद पडलेल्या गिरणीवर एकांकिका करतायत. लिहिलीय एका तिसऱ्या वर्षाच्या मुलाने, मेकॅनिकलचा, अक्कलकोटकडचा. त्याने गिरणी चालू असलेली पाहिलेलीच नाही, तरी फार जीव लावून लिहिलंय. गिरणीचा म्हातारा वॉचमन आहे त्यात. त्याच्या तोंडी एक वाक्य होतं :

"गिरणी बंद झाल्यापासून या शहरातल्या माणसांना वेळेचं भानच उरलेलं नाही, कारण त्यांना उठवणारा आणि जेवायला सांगणारा भोंगाच आता वाजत नाही."

विचार चांगला आहे. कागदावर वाचलं तर कळतं. पण तालमीत तो पोरगा ते म्हणायला लागला की 'वेळेचं भान' येईपर्यंत त्याचा श्वास संपायचा आणि 'भोंगा' हा शब्द, ज्यावर सगळं उभं आहे, तो पोटातच जायचा. मी त्याला म्हटलं, तुझं वाक्य बरोबर आहे पण भार चुकीच्या जागी पडलाय. तुळईवर भार कुठे द्यायचा हे तू माझ्याकडेच शिकलास. भार आधाराच्या जवळ आण. मग आम्ही दोघं बसलो, एक ओळ चार वेळा लिहिली. शेवटी ती अशी झाली :

"भोंगा वाजायचा. गाव उठायचं.
भोंगा वाजायचा. गाव जेवायचं.
आता भोंगा नाही.
पोटाला कोण सांगणार, बारा वाजले म्हणून?"

पोराने ती म्हटली आणि कोपऱ्यात लाइटची वायर ओढत असलेला मुलगा थांबला. वायर हातात धरून तसाच उभा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं ऐक म्हणून.

हे मी कादर खानांकडून शिकलो. प्रत्यक्ष कधी भेटलो नाही. मास्तर माणूस, वर्ग सुटला की पोरांना घेऊन नाटक बसवणारा. मला वाटतं त्यांनी लिहिलेल्या सगळ्यात ही गोष्ट कुणाही मास्तरला उचलता येण्यासारखी आहे.

नेपथ्य :

'अंगार' पाहिला. दोन वेळा पाहिला. बापाच्या भूमिकेत त्यांनी एकही वाक्य वाया घालवलेलं नाही. माझी वरची तक्रार मी मागे घेत नाही, ती तिच्या जागी आहे. पण 'अंगार' आधी बघायला हवा होता.

धोटा, तुमच्या एकांकिकेचा प्रयोग कधी आहे? हुतात्मा स्मृती मंदिरात असेल तर आवाजाचं एक सांगतो. उजवीकडे मागे बसणाऱ्याला रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यातलं पुसट येतं. वॉचमनला मध्यावर घ्या.

धोटा :

नेपथ्य, धन्यवाद. वॉचमनला मध्यावर घेतला.

प्रयोगाची तारीख ठरली की कळवतो. तोवर एक केलं. काल संध्याकाळी अण्णांना तालमीला घेऊन गेलो. कानातलं यंत्र काढून खिशात ठेवायला सांगितलं. ते म्हणाले, "काय करूलालास बे, ऐकू कसं येईल मग?" म्हटलं, तेच बघायचंय. सभागृहात शेवटच्या रांगेत भिंतीकडच्या खुर्चीवर बसवलं. सांगितलं, जिथे कळलं नाही तिथे हात वर करायचा. पोरांना सांगितलं, आजोबांकडे लक्ष ठेवून बोला, थांबू नका.

चाळीस मिनिटांची एकांकिका. लिहिणारा मुलगा माझ्या शेजारी वही घेऊन बसला होता. भोंग्याच्या ओळींना अण्णांचा हात मांडीवरच होता. ओठ हलत होते.

हात एकूण नऊ वेळा वर गेला. पोराने नऊही जागांवर पेन्सिलीने खूण केली आणि रात्री माझ्या घरी आला. आईने भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. जेवतानाच वही उघडी होती. आत्तापर्यंत चार वाक्यं झालीत, पाच राहिलीत.